सुख मानवलेल्या आशाताई

आशाताईंचा चेहरा गोल व्हायला लागला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांच्या आईला झाला.

द्वारकाबाई म्हणजे सत्तरीच्या, काटकुळ्या, तुरतुर चालणाऱ्या बाई. गावाहून उटनूरला लेकीकडे जाताना वाटेत आमच्या शाळेशी ऑटो थांबवायच्या. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, नार्नूर मंडलातली ही मराठी शाळा. आशाताई इथे तिसरी-चौथीला शिकवतात, मी पहिली-दुसरीला. द्वारकाबाई सरळ वर्गात शिरायच्या, पोरांदेखत लेकीच्या गालावरून हात फिरवायच्या आणि मला म्हणायच्या, "पाह्य वं रूपाली, गाल कसे भरले! सुख मानवलं माह्या लेकीले." आशाताई लाजायच्या, पोरं खिदळायची. मीही होला हो करायचे, कारण आमच्याकडे तब्येतीची चौकशी अशीच होते. वाळला तर काहीतरी दुःख आहे, भरला तर सुख आहे. एवढ्या ज्ञानावर आमच्या भागात लोक एकमेकांना बिनधास्त तपासतात.

द्वारकाबाईंच्या आनंदाला मात्र कारण होतं. त्या आणि त्यांचे मालक बाबाराव, दोघांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या शेतात काढलं. बांधावर शेतमालकाचा माणूस उभा असायचा. कुणी कंबर सरळ करायला क्षणभर उभं राहिलं, की तो "आळशी" म्हणून ओरडायचा, आणि त्या बाईला दुसऱ्या दिवशी कामाचं बोलावणं यायचं नाही. द्वारकाबाईंनी तो शब्द स्वतःला कधी लागू दिला नाही आणि पोरांनाही लागू दिला नाही. त्यांच्या घरात शिव्या चालायच्या, हा शब्द चालायचा नाही. पुढे बाबारावांना जमिनीचा एक लहानसा तुकडा पट्ट्यावर मिळाला. त्यात कापूस लावून त्यांनी आशाताईंना शिकवलं, आणि आशाताई त्या घराण्यातल्या पहिल्या पगारदार बाई झाल्या.

आणि आळस म्हणाल तर तो त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. मी नवीन लागले तेव्हा त्या उटनूरहून बसने यायच्या आणि फाट्यापासून शाळेपर्यंत इतक्या झपाझप चालायच्या की मला मागून पळावं लागायचं. दिवसभर उभ्यानं शिकवायच्या. गोंडी बोलणाऱ्या पोराशी मोडकीतोडकी गोंडी, अधिकारी आले की तेलुगू, खडूवाल्या दुकानदाराशी हिंदी, आणि पोरांनी मस्ती केली की अस्सल माहेरची बोली. त्यांच्या वर्गात पोरं घाबरायची कमी आणि हसायची जास्त. मला त्यांचा थोडा हेवाच वाटायचा.

मग चाळिशी उलटल्यावर हळूहळू सगळं बदलत गेलं. इतकं हळूहळू, की त्याला आजार म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही. पोट सुटलं. बीपीची गोळी सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी. नंतर साखर निघाली. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "टेन्शन पडकंडी अम्मा," म्हणजे टेन्शन घेऊ नका, मीठ कमी करा, भात कमी करा, चाला. आशाताई भात सोडून ज्वारीची भाकरी खायला लागल्या, तरी पोट होतं तिथेच. रात्री डोळा लागायचा नाही आणि सकाळी अंग उचलायचं नाही. झपाझप चालणाऱ्या बाई फाट्यावरून ऑटो करायला लागल्या.

त्यात अंगावर निळे-काळे डाग उठायला लागले. बाकाचा कोपरा लागला की डाग, पोरानं हात धरून ओढलं की डाग. आमच्या बायकांनी लगेच निष्कर्ष काढला आणि तो जाऊन बसला बिचाऱ्या नागेशरावांच्या डोक्यावर. नागेशराव म्हणजे आशाताईंचे मालक, तहसीलमध्ये कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज पुढे सरकवले, पण स्वतःची तक्रार कुणापुढे केली नाही, असा गरीब माणूस. एकदा कुणीतरी बाई त्यांना रस्त्यात अडवून म्हणाली, "शिकल्यासवरल्या बाईवर हात टाकता, शोभते का तुमाले?" नागेशराव घरी येऊन मटकन बसले. आशाताईंना हसावं की रडावं कळेना. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसले.

सगळ्यांत वाईट झालं ते विहारात. रविवारी वस्तीतले सगळे वंदनेला जमतात आणि एकाच चटईवर बसतात. तिथे लहानमोठा कुणी नाही, म्हणून तिथे खुर्चीही नाही. वंदना संपली की सगळे एकदम उठतात. आशाताईंना उठता येईना. मांड्यांत जोरच राहिला नव्हता. म्हणून त्या भिंतीकडेची जागा धरून बसायला लागल्या, म्हणजे हाताने भिंतीला रेटून उठता येईल. झालं, बोलायला विषय मिळाला. बाईंना आता टेकायला लागतं म्हणे. खुर्चीची सवय झाली म्हणे.

हे द्वारकाबाईंच्या कानावर गेलं. पुढच्या रविवारी त्या मुद्दाम आल्या आणि लेक भिंतीला रेटून कशी उठते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "तू आळशी झाली, आशा."

सोमवारी मधल्या सुट्टीत आशाताईंनी मला हे सांगितलं. डबा उघडलाही नव्हता. मी म्हटलं, "अहो, म्हातारी माणसं बोलतात काहीबाही."

"माही आई काहीबाही बोलत नाई, रूपाली," त्या म्हणाल्या. "मलेच कळत नाई. सकाळी वाटते उठावं, पन उठवत नाई. वाटते, उभं राहून शिकवावं, पन पाय थरथरतात. मंग वाटते आपनच कामचुकार झालो. खरंच झाली असंन का वं मी आळशी?"

मला त्या वेळी संताप आला, कुणाचा ते कळलं नाही. पण आशाताईंच्या मनातून तो प्रश्न काही गेला नाही. साखर, बीपी, डाग ह्यांचं त्यांना काही वाटायचं नाही. आपण आळशी झालो का, एवढंच त्यांना खायचं.

मग आईनेच औषध काढलं. हे औषध दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. शहरात माणूस फुगला की चालायला बागेत जातो. आमच्याकडे ज्यांच्या आईबापांनी शेतात हाडं झिजवली, त्यांना खुर्चीची भीती वाटते. खुर्ची मिळवायची तर असतेच, पण ती अंगाला बाधली तर काय, ही धास्ती आत कुठेतरी असतेच. द्वारकाबाईंचा हिशेब सरळ होता. बसून खाल्ल्याने झालंय, वाकून काम केल्याने जाईल. बाबारावांच्या तुकड्यात कापूस फुटला होता. त्या म्हणाल्या, "रईवारी कापूस येचाले ये. चार पाती येचशीन तं समदा आळस निंघून जाईन." पात म्हणजे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची कापसाची ओळ.

आणि आशाताई गेल्या. शिकलेल्या बाईने नाही म्हणायला नको का? पण त्या आनंदाने गेल्या. आईच्या पुढे आळशी नाही हे दाखवायची ही संधीच होती. पहिल्या रविवारी गेल्या, दुसऱ्या रविवारी गेल्या, सोमवारी शाळेत कण्हत यायच्या आणि वर मला सांगायच्या, "बरं वाटून राह्यलं वं." तिसऱ्या रविवारी त्यांना संध्याकाळी बैलगाडीत आडवं घालून घरी आणलं. पाठीतून कळ येत होती आणि श्वासही पुरा घेता येत नव्हता.

गावातल्या डॉक्टरने कमरेत इंजेक्शन मारतो म्हटलं. पण नागेशराव, जे आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते, ते नाही म्हणाले. गाडी करून त्यांनी आशाताईंना आदिलाबादला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे कळलं की मणका दबून मोडलाय. डॉक्टर चक्रावले. पडल्या नाहीत, मार नाही, वय पन्नासच्या आत, आणि कापूस वेचताना मणका मोडतो? त्यांनी मोठा स्कॅन करायला लावला. स्कॅन पाहून म्हणाले, "मणका तर आहेच. पण डाव्या किडनीच्या वर एक गाठ दिसते आहे. आपण शोधत नव्हतो, अशीच सापडली."

गाठ म्हटल्यावर आशाताईंची लेक मैत्री, जी बासरला शिकते, ती धावत आली आणि तिने आईबापांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. मीही इथे वर्गात फळ्यावर काहीतरी लिहायचे आणि पुसायचे. एकच शब्द सगळ्यांच्या मनात होता आणि कुणी तो बोलत नव्हतं.

हैदराबादची डॉक्टर बाई होती, वयाने आशाताईंहून लहानच. तिने आधी खोदखोदून विचारलं, सांधेदुखीच्या गोळ्या घेतल्या का, कुणा वैद्याची पुडी घेतली का, इंजेक्शनं घेतली का. मग रात्री झोपताना एक गोळी घ्यायला लावली आणि सकाळी रक्त काढलं. त्या गोळीने शरीरातलं एक रसायन रात्रीतून अगदी खाली यायला हवं. आशाताईंचं आलं नाही.

तिने सगळं शांतपणे समजावलं. ही गाठ कॅन्सरची दिसत नाही. प्रत्येक किडनीच्या डोक्यावर एक लहानशी ग्रंथी असते, तिच्यातून कॉर्टिसॉल नावाचं रसायन निघतं. ते आपल्याला सकाळी जागं करतं, संकटात बळ देतं आणि रात्री कमी होतं. आशाताईंच्या गाठीला रात्र झालेलीच कळत नव्हती. "आपका नल पूरा खुला नहीं है," डॉक्टर म्हणाली. "बस ठीक से बंद नहीं होता. बूँद-बूँद टपकता है, बरसों से." नळ धो धो वाहिला असता तर आजार चेहऱ्यावर ठळक दिसला असता, कुणीही ओळखला असता. थेंब थेंब होता म्हणून तो सुख मानवल्यासारखा दिसला. त्या थेंबांनीच बीपी चढलं, साखर चढली, कातडी पातळ होऊन डाग उठले, मांड्यांचे स्नायू झिजले, आणि हाडं आतून पोकळ होत गेली.

आशाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, मतलब मैं आलसी नहीं थी?"

डॉक्टरला आधी प्रश्न कळेना. नागेशरावांनी तोडक्यामोडक्या हिंदीत मागची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि आशाताईंच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "इन टाँगों से आप रोज़ स्कूल जाती थीं, यही बहुत है."

आशाताई फोनवर मला हे सांगताना इतक्या हसत होत्या की मैत्रीने फोन ओढून घेतला. पण गावी आल्यावर द्वारकाबाईंना सांगितलं, तर त्या मान हलवत राहिल्या. म्हणाल्या, "गाठ अंगात व्हते, तसा आळस बी अंगातच व्हते. डाक्टरले काय दिसते?" आणि उठून चुलीकडे गेल्या. आशाताईंनी रिपोर्टांची फाईल पुन्हा पिशवीत घातली.

पुढे ऑपरेशनचा प्रश्न आला. डॉक्टरने सांगितलं होतं की घाई नाही. गोळ्यांवर बीपी-साखर सांभाळत, हाडांचं औषध घेत राहता येईल. गाठ काढली तर बरंच सुधारेल असं वाटतं, पण शब्द देता येत नाही. काढल्यावर काही महिने उलट जास्त थकवा येईल, कारण ही गाठ इतकी वर्षं काम करत होती म्हणून पलीकडची चांगली ग्रंथी झोपून गेली आहे. ती जागी होईपर्यंत गोळ्या घ्याव्या लागतील आणि त्या एक दिवसही चुकवता येणार नाहीत. निर्णय तुमचा.

द्वारकाबाई म्हणाल्या, कापाकापी नको. आशाताई म्हणाल्या, "आई, मले माहं अंग वापस पाह्यजे." नागेशराव म्हणाले, "मंजूर." ऑफिसातला हा एक शब्द त्यांनी घरात इतक्या वेळा वापरलाय, पण मला त्या दिवशी तो फार आवडला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोटावर बारीक छेद तेवढे राहिले. बीपीची एक गोळी तर दवाखान्यातून निघतानाच बंद झाली, साखरही खाली यायला लागली. आम्ही समजलो, जिंकलो. आणि उटनूरला आल्यावर डॉक्टरने सांगितलं होतं ते सुरू झालं. आशाताईंचं अंग असं काही गळून गेलं की केस विंचरायला हात वर होईना. हाडन् हाड दुखायचं, अन्न नको व्हायचं. पाणी द्यायला उठवलं तरी डोळे मिटायचे. मैत्रीची परीक्षा होती, नागेशरावांची रजा संपली. तेव्हा द्वारकाबाई आपलं बोचकं घेऊन आल्या आणि लेकीकडे राहिल्या.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी एक दिवसाआड जायचे. एका सकाळी द्वारकाबाई न्हाणीतून बाहेर आल्या, लेकीला अंघोळ घालून, आणि ओल्या लुगड्यानिशी स्वयंपाकघरात पाटावर बसल्या. मी चहा ठेवला होता. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "समद्याईनं तिचं पोट पाह्यलं. मांड्या कोनी पाह्यल्या वं? माह्याहून बारीक हायेत. हाडाले कातडं चिकटलं नुसतं." त्यांनी दोन्ही हात आपल्या मांड्यांवर दाबून धरले. "काम करनाऱ्या बाईचे पाय मले कळतात. त्या पायाईत काईच नव्हतं. अन् मी तिले कापसात वाकवलं."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रडल्या नाहीत. चहा मात्र तसाच निवत राहिला.

त्यानंतर आठवडाभराने दुपारी वस्तीतल्या चारपाच बायका पाहायला आल्या. बाहेरच्या खोलीत कूलर घरघरत होता, आशाताई आतल्या खोलीत पडल्या होत्या. द्वारकाबाईंनी सगळ्यांना चहा दिला. बायका आधी गोड बोलल्या, मग आपापले उपाय सांगायला लागल्या. शेजारच्या रेणुकाबाई मनाने चांगल्या, पण तोंडाला कुलूप नाही. त्या म्हणाल्या, "गाठ निंघाली ना आता? मंग काऊन झोपून राह्यली? जरा उठवत जा वो मावशी. पडून पडून आळस भरते मानसाले."

द्वारकाबाईंनी हातातली बशी खाली ठेवली.

"आळशी असती तं कवाच झोपली असती," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुमाले सांगतो. कापसात तिची पाठ मोडली, तवा ती मले बोलली. म्हने, आई, पाठीत काईतरी तुटलं. मी काय म्हनलं, ठावं हाये? मी म्हनलं, पात पुरी कर, मंग बस. बांधावरचा मानूस मले म्हने ना, तसंच म्हनलं. अन् तिनं केली पुरी. मोडल्या पाठीनं समदी पात येचली अन् मंग खाली बसली." त्या थांबल्या, पदराने तोंड पुसलं. "हे मी कोनाले सांगतलं नाई. माह्या लेकीले कोनी आळशी म्हनाचं नाई. मी म्हनलं, ते बी चुकलं माहं."

रेणुकाबाईंनी पुढे होऊन द्वारकाबाईंचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. तेवढ्यात आतून हुंदका ऐकू आला, म्हणून मी उठून गेले.

आशाताई जाग्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उशी भिजली होती, आणि चेहरा मात्र हसत होता. मी जवळ बसले तसा त्यांनी माझा हात शोधला. हातात जोर नव्हता, पण मला तो सोडवेना.

"आयकलं का, रूपाली?" त्या म्हणाल्या. "आई म्हनली."

"हो, ऐकलं."

"मंग आता मी झोपतो," त्या म्हणाल्या आणि कूस बदलली. तुम्ही आळशी नाही, हेच त्यांना हैदराबादच्या डॉक्टरने सांगितलं होतं, नागेशरावांनी सांगितलं होतं, मी तर घसा कोरडा करून सांगितलं होतं. पण त्यांच्यासाठी ते खरं झालं त्या दुपारी. मी पाहत होते तोवर त्या गाढ झोपल्यासुद्धा.